वेग नंतर, आधी बेअरिंग: आरसी टूरिंग कारची देखभाल आणि अपग्रेड

(या भागातलं बोलणं इथे लेखी देतोय. थोडी काटछाट केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग छंदाचा आहे, पण त्यात पैशाचाही हिशोब आहे. पहिल्या-दुसऱ्या पगारातून किंवा घरच्यांना पटवून तुम्ही रिमोट कंट्रोल कार घेता. खेळण्याच्या दुकानातली पुढे-मागे करणारी नव्हे, तर खरी हॉबी ग्रेड, एक दशांश मापाची, चारही चाकं फिरवणारी टूरिंग कार. पहिला महिना नुसता धुरळा. तिसऱ्या महिन्यात गाडी कपाटावर आणि रिमोट ड्रॉवरमध्ये. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मजा नाही येत आता, स्लो झालीय, आवाज करतीय."

गाडी स्लो होत नाही मंडळी, गाडी घाण होते. बहुतेक गाड्या मोटर जळून मरत नाहीत. बुशमध्ये गेलेली माती, सैल झालेला एक स्क्रू, चाकाच्या एक्सलला गुंडाळलेला केस, असल्या बारीक गोष्टींनी मरतात. त्यात आपण काय करतो? युट्यूब बघून थेट मोठी मोटर मागवतो. माती तिथंच राहते, फक्त आता ती जास्त जोरात घासली जाते.

म्हणून आज दोन गोष्टी. गाडी चालू स्थितीत कशी ठेवायची, आणि पैसे घालायचेच असतील तर कुठल्या क्रमानं घालायचे.

कुठली गाडी डोळ्यासमोर ठेवायची

उदाहरण म्हणून टामियाची टीटी-०२ घेऊ. टामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ ही पहिली आरसी कार काढली. टीटी-०२ हा त्यांचा २०१३ पासूनचा एंट्री लेव्हल टूरिंग चासिस. बाथटबसारखी प्लॅस्टिकची बॉडी, मधून जाणारा एक लांब शाफ्ट, पुढे-मागे एकेक डिफरन्शियल आणि ५४० साइजची ब्रश मोटर. व्हीलबेस २५७ मिलिमीटर. किटमध्ये येते, स्वतः जोडावी लागते. ज्यानं गाडी स्वतः जोडली त्याला ती उघडायची भीती वाटत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीची तयार गाडी असली तरी आजचं नव्वद टक्के तसंच लागू होतं. नावं बदलतील, माती तीच.

आता कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट. आपल्याला मशीन उघडायची लाज नाही. शिवाजी उद्यमनगरात एक फेरी मारा. लेथ, ड्रिल, फौंड्रीचे पॅटर्न, एका शटरच्या आत चार मिस्त्री. गोकुळ शिरगावला आणि कागलला अख्ख्या एमआयडीसी उभ्या आहेत. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, आणि आपल्याच गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीमध्ये धावला. म्हणजे रेसिंगही आहे आणि मिस्त्रीही आहेत. अशा गावात तीन ग्रॅमच्या एका पार्टपायी गाडी कपाटावर जावी, हे काय बरोबर नाही.

आणि पार्ट महाग का पडतात, तेही ऐका. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. कस्टमच्या ९५०३ या शीर्षकात खेळण्यांसोबत चालती-न चालती स्केल मॉडेलंही येतात. वर जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला जड जाते. जी गोष्ट टिकवता येते ती टिकवणं हाच आपल्यासाठी पहिला अपग्रेड.

चालवून आल्यावरची दहा मिनिटं

ही सवय लागली तर निम्मं काम झालं. घरी आलात की आधी बॅटरी काढायची. नुसतं स्विच बंद नाही, बॅटरी बाहेर. मग बॉडी काढा आणि जुना टूथब्रश नाहीतर रंगाचा दोन इंची ब्रश घेऊन कोरडी धूळ झाडा. धूळ ओली करू नका. ओली माती गिअरबॉक्सच्या फटीत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते.

मग चारही चाकं एकेक करून हातानं फिरवा. चाक मोकळं फिरतंय का? खरखर लागतीय का? चाक बाहेर ओढून आत ढकलून बघा, किती हलतंय? टिचकी मारली तरी थोडं फिरत राहायला हवं. चारातलं एकच चाक जड असेल तर दोष तिथंच आहे, मोटरला शिव्या देऊ नका. चाक काढा, एक्सल बघा. दहात आठ वेळा तिथं केस, दोरा नाहीतर गवताची काडी निघते. ऊस तोडणीच्या हंगामात तर पाचटाचा तुकडा निघणार हे धरूनच चाला. ट्रॉल्यांमधून पडलेलं सगळं रस्त्याकडेलाच असतं.

पेट्रोल, थिनर लावून पुसायचं नाही. मिस्त्री लोक लोखंडाला वापरतात म्हणून आपण प्लॅस्टिकला वापरायचं नसतं. बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, थिनरनं तिला बारीक चिरा पडतात. शिवाय बंद खोलीत पेट्रोल आणि शेजारी बॅटरी, हे काय सांगायला पाहिजे का? धातूच्या पार्टला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, प्लॅस्टिकला कोरडा ब्रश आणि ओलसर फडकं.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. गाडी पाण्यात गेली नाही तरी बेअरिंगला आणि स्क्रूच्या डोक्याला गंज चढतो. या चार महिन्यांत चालवत नसाल तर गाडी झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या बॉक्समधल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. चालवलीत आणि ओली झाली तर त्याच दिवशी चाकं काढून वाळवा आणि बेअरिंगला पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब द्या. एकच थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

स्क्रू आणि आटे

टामियाचे चौकटी स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. आपला घरातला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. एक चांगला जेआयएस स्क्रूड्रायव्हर घ्या. गाडीवरचा पहिला खर्च हाच करा.

दुसरं, हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात. परत बसवताना थेट आवळलात तर नवे आटे पडतात, आणि दोन-चार वेळा असं झालं की भोक ढिलं होतं. मग "आटे गेले" म्हणून अख्खा चासिस बदलायची वेळ. त्यावर साधी युक्ती आहे. स्क्रू भोकावर ठेवा आणि आधी उलटा फिरवा. एका जागी तो हलकेच 'टुक' करून खाली बसेल. ती जुन्या आट्याची सुरुवात. तिथून सरळ आवळा. हात थांबला की थांबायचं.

लॉकटाइट फक्त धातूमध्ये जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला, उदाहरणार्थ मोटरचे दोन स्क्रू आणि पिनियनचा बारीक ग्रब स्क्रू. प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिक ठिसूळ होऊन फुटतं.

पहिला अपग्रेड: बेअरिंग

आता पैशाकडे येऊ. स्वस्त किटमध्ये फिरणाऱ्या प्रत्येक जागी बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश येतात. बुश घासतात, झिजतात, धूळ धरतात. बुश झिजला की एक्सल हलतो, एक्सल हलला की गिअर नीट बसत नाहीत, आणि गिअर बसले नाहीत की दात जातात. म्हणजे सगळ्यात स्वस्त पार्ट सगळ्यात महाग पार्टला घेऊन जातो. बेअरिंग टाकल्यावर गाडी वेगानं पळते हा बोनस. खरा फायदा म्हणजे ही साखळी तुटते आणि मोटरवरचा ताण कमी होऊन बॅटरी जास्त पुरते.

टीटी-०२ मध्ये लागतं ते मुख्य माप ११५०, म्हणजे बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी, जाडी ४ मिमी. बेअरिंगच्या दुकानात याच मापाला एमआर-११५ म्हणतात. इथं एक फसगत आहे. दुकानदार कधी कधी ६८५ काढून देतो. त्याचंही माप ५ बाय ११ असतं, पण जाडी ५ मिमी. तो एक मिलिमीटर बसत नाही. त्यामुळे तिन्ही मापं कागदावर लिहून न्या, आणि किती नग लागतील ते मॅन्युअलमधून मोजून न्या. नंबरपुढे झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबरी सील. आपल्या धुळीत रबरी सील बरं. किंचित जड फिरतं, पण टिकतं.

दुसरा: टायर. तिसरा: शॉकअप

गाडी आणि रस्ता यांच्यात फक्त टायर असतो. मोटर कितीही मोठी असू दे, टायर घसरला की ताकद गेली वाऱ्यावर. किटसोबतचे टायर बऱ्याचदा कडक असतात. मऊ कंपाउंडचा टायर आणि आत फोमचा इन्सर्ट घ्या. रिमला चिकटवायला पातळ सायनो, म्हणजे आपलं फेव्हिक्विकच्या जातीचं. चिकटवायच्या आधी रिम आणि टायरची कड अल्कोहोलनं पुसा, नाहीतर पहिल्याच वळणावर टायर सुटतो.

मग शॉकअप. साध्या किटमध्ये घर्षणावर चालणारे शॉकअप येतात, आत तेल नसतं. गाडी खड्ड्यातून गेली की चेंडूसारखी उडते. तेलाचे शॉकअप बसवले की चाक रस्त्याला धरून राहतं. तेल सिलिकॉनचंच वापरा. इंजिन ऑइल किंवा घरातलं खोबरेल घालायचा मोह आवरा. पेट्रोलियमच्या तेलानं सिलिकॉनचे ओ-रिंग फुगतात आणि गळती सुरू होते. तेल भरल्यावर दांडा हळू वर-खाली करून हवेचे बुडबुडे काढा, मग झाकण लावा. चारही शॉकअप हातात घेऊन दाबून बघा, सारखेच लागले पाहिजेत.

रेसवाले गाडीचा तळ रस्त्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवतात. त्यांच्याकडे कार्पेटसारखा ट्रॅक असतो. आपल्याला पार्किंगच्या डांबरावर आठ-दहा मिलिमीटर ठेवलेलं बरं.

गिअरचं गणित

आता वेग. इथं बरेच जण अंदाजानं जातात, पण सहावीचं गणित पुरेसं आहे. टीटी-०२ मध्ये मोटरवर २२ दातांचा पिनियन, समोर ७० दातांचा स्पर. ७० भागिले २२, गुणिले आतल्या गिअरचं २.६. उत्तर येतं ८.२७. म्हणजे मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं.

चाकाचा परीघ साधारण २० सेंटिमीटर धरा. समजा मोटर लोडवर मिनिटाला १५,००० फेरे घेते. १५,००० भागिले ८.२७ म्हणजे चाकाचे सुमारे १,८१४ फेरे, म्हणजे मिनिटाला ३६३ मीटर, म्हणजे तासाला साधारण २२ किलोमीटर. आता ६८ चा स्पर आणि २५ चा पिनियन लावला तर रेशो ७.०७ होतो, आणि तीच मोटर तेवढीच फिरली तर वेग २५ च्या वर जातो. मोटर न बदलता सतरा टक्के!

पण "तेवढीच फिरली तर" हे लक्षात ठेवा. रेशो कमी केला की मोटरवर लोड येतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. म्हणून एका वेळी पिनियनचा एकच दात वाढवा, पाच मिनिटं चालवा, मोटरला बोट लावा. तीन सेकंद बोट ठेवता आलं नाही तर मागे या. एप्रिल-मेच्या दुपारी हा प्रयोग करूच नका, तेव्हा रस्ताच तापलेला असतो.

पिनियन बदलल्यावर स्परसोबतची फट तपासा. दोन्ही दातांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर बसवा, मग पट्टी फिरवून काढा. कागदावर घड्या पडल्या पाहिजेत, कागद फाटता कामा नये. फाटला तर फार घट्ट, घड्याच नाहीत तर फार ढिलं.

ब्रशलेस आणि लिपो, पण सगळ्यात शेवटी

हो, ब्रशलेस मोटर भारी असते. ब्रश झिजत नाहीत, ताकद जास्त. पण मोटर बदलली की ईएससी बदलावा लागतो, बॅटरी तोकडी पडते, मग प्लॅस्टिकचा मधला शाफ्ट पीळ खातो आणि डिफचे दात बोलायला लागतात. एक वस्तू घेतली म्हणून पाच घ्याव्या लागतात. बेअरिंग, टायर, शॉकअप झाल्याशिवाय इकडे येऊ नका.

बॅटरीचं मात्र नीट ऐका, कारण इथं प्रश्न गाडीचा नाही, घराचा आहे. टू-सेल लिपो पूर्ण भरलेली ८.४ व्होल्ट. प्रत्येक सेल ३.२-३.३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ईएससीवर लिपो मोड असतो, काहींवर छोटा जंपर असतो. तो निमएच वर राहिला तर गाडी सेल पार मरेपर्यंत पळत राहते. चार्जिंग एक-सी नं, म्हणजे ३,००० एमएएचच्या बॅटरीला तीन अँपिअर, आणि बॅलन्स चार्जरवरच. आठवडाभर वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.

रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही. गादीवर, कपाटात, गॅसजवळ नाही. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून, समोर बसून चार्ज करायची. फुगलेली बॅटरी "अजून एकदा" वापरायची नाही. घरात आई, आजी, लहान भावंडं आहेत. आपल्या छंदाची जोखीम त्यांनी का उचलायची? एवढं सगळं पाळणं जमणार नसेल तर निमएच बॅटरी वापरा. गाडी थोडी हळू पळेल, झोप नीट लागेल.

निळ्या अ‍ॅल्युमिनियमचा मोह

चकचकीत निळे पार्ट बघून कुणाचंही मन पाघळतं. पण प्लॅस्टिकचा आर्म धडकेत वाकतो, फार तर तुटतो. तो फ्यूज आहे. त्या जागी अ‍ॅल्युमिनियम लावलं तर धडक नाहीशी होत नाही, पुढच्या पार्टकडे जाते. आर्म वाचतो आणि चासिस तडकतो. धातू तिथंच लावा जिथं सतत पीळ किंवा उष्णता आहे: मधला शाफ्ट, मोटर माउंट. स्टिअरिंगमध्ये प्ले असेल तर चांगला सर्व्हो सेव्हर घ्या, त्यानं गाडी सरळ रेषेत जायला लागते.

आणि एखादा स्पेसर, वायसर, मोटरचा हीट सिंक हवा असेल तर ऑनलाइन शोधत बसू नका. व्हर्निअरनं मापं घ्या, कागदावर चित्र काढा, उद्यमनगरात लेथवाल्या काकांना दाखवा. मोठं काम नसेल तेव्हा जा, सकाळच्या गडबडीत नको. आणि "काका, हे कसं करता?" असं विचारा. त्यांच्याकडून जे शिकायला मिळतं ते व्हिडिओत नाही.

एका वेळी एकच बदल

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक नियम आहे. एकाच दिवशी पाच बदल लाइव्ह केले आणि सिस्टिम पडली, तर कुठल्या बदलानं पडली ते कळत नाही. गाडीलाही हेच लागू. तेल बदललं तर त्या दिवशी टायर बदलू नका. फोनवर एक नोट ठेवा: तारीख, काय बदललं, कसं वाटलं, मोटर किती तापली. दोन महिन्यांनी ही नोट कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा कामाची ठरते, कारण ती तुमच्या गाडीची आणि तुमच्या रस्त्याची आहे.

शेवटचं, चालवायचं कुठं. चालू रस्त्यावर नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आजोबांच्या पायात तर अजिबात नाही. दीड किलोची गाडी पंचवीसच्या वेगानं घोट्यावर बसली तर हाड मोडू शकतं. मोकळं मैदान, रिकामं पार्किंग, आणि जागा कुणाची असेल त्याला विचारून. सुरू करताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. आणि घरी एकदा गाडी डब्यावर चाकं अधांतरी ठेवून फेलसेफ तपासा. चाकं फिरत असताना रिमोट बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर सेटिंग नीट होईपर्यंत बाहेर न्यायची नाही.

तर मंडळी, क्रम पुन्हा सांगतो. सफाई, स्क्रू, बेअरिंग, टायर, शॉकअप, गिअर, आणि मग उरले पैसे तर मोटर. कपाटावर ठेवलेली गाडी या रविवारी खाली काढा. काही विकत घ्यायच्या आधी चारही चाकं काढून एक्सल बघा. काय काय निघालं त्याचा फोटो काढून कमेंटमध्ये टाका. ज्याच्या एक्सलमधून सगळ्यात विचित्र वस्तू निघेल, त्याचं नाव पुढच्या भागात घेणार.

पुढच्या भागात डिफरन्शियल उघडू. पुढे जाड ग्रीस, मागे पातळ, असं का, ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, बॅटरी काढून ठेवा. भेटूया!